पाठीला वारा, तोंडाला विमान

१

चंद्रभागाबाईचं सूप तिच्यापासून बरंच लांब जाऊन पडलं होतं, आणि त्यात मूठभर तूर अजून तशीच होती. बाई पांढऱ्या चादरीखाली होती. चादर धुतलेली, इस्त्री केलेली होती. या भागात मेलेल्या माणसावर सहसा पडत नाही अशी.

"कुणी घातली?" फौजदार सत्यशीला तोंडे हिने विचारलं.

"बद्रीकाकांनी," हवालदार सिदू म्हणाला. "विमानतळाची ही इमारत सांभाळतात ना, ते. देवमाणूस हाय, मॅडम."

वडवणीहून धारूरकडे जाताना घाट चढला की एक उघडं पठार लागतं. त्याला खडकमाळ म्हणतात. तीसेक वर्षांपूर्वी एका खासगी कंपनीने इथे विमानतळ बांधला. मराठवाड्यातल्या सगळ्या शहरांची विमानं इथे येतील, माणसं इथे उतरून दुसऱ्या विमानात बसतील, खडकमाळ म्हणजे आभाळाचं एसटी स्टँड होईल, असं तेव्हा गावोगाव सांगितलं गेलं. विमानं आली, दोन-तीन वर्षं उडाली, आणि एक दिवस कंपनी गाशा गुंडाळून गेली. मागे उरली एक बैठी इमारत आणि पूर्व-पश्चिम पसरलेली एक डांबरी पट्टी. तिच्यावर वर्षातून एखाद-दुसरं सरकारी विमान तेवढं उतरे.

आता एवढं मोठं, एवढं सपाट खळं शेतकऱ्याच्या समोर पडलेलं असताना तो ते मोकळं कसं सोडील? गावाने पट्टी वाटून घेतली. कुणाचा सोयाबीन, कुणाची तूर, कुणाच्या मिरच्या. चंद्रभागाबाईचा तुकडा पश्चिम टोकाला होता.

यंदा मात्र सरकारच्या मनात पुन्हा विमानतळ आला होता. मोजणीचं एक लहान विमान आज सकाळी उतरणार होतं. ते उतरलंही. त्याचा उजवा पंख चंद्रभागाबाईला लागला.

"तिकडं सत्काराचा मांडव हाय, तिथनं सगळे वरडले," सिदू सांगत होता. "पर बाई ठार बहिरी. विमान पाठीमागून येतंय अन ही आपली उफणतीय. लेकानं, प्रविणनं, दोन्ही हात हलवले, बाजूला हो म्हणून. तिला वाटलं, लेक लांबून हात करतोय." सिदू थांबला. "तिनं पण हात केला, मॅडम. हसली अन हात केला."

सत्यशीलेने मान वळवली. वडगावच्या शेतकऱ्याची ती पोर. खळ्यावर वाढलेली. म्हणून असेल, तिची नजर रक्ताआधी भुसकटावर गेली. उफणणारा माणूस वाऱ्याला पाठ देऊन उभा राहतो. सूप हलवलं की दाणा जड, तो पायाशी पडतो. भूस हलकं, ते वाऱ्याबरोबर पुढे जातं. म्हणजे भूस जिकडे पडलं, तिकडे वारा वाहत होता. इथे ते पश्चिमेला पडलं होतं. एकाच बाजूला, नीट, शेपटासारखं लांब.

फोन वाजला. वरचे साहेब होते. "तोंडे, सायरनवाल्याचा निष्काळजीपणा आहे. गाडी पाठवतोय. संध्याकाळच्या आत तो शेख बीडला आला पाहिजे. नव्या विमानतळाच्या पाहणीचे लोक दुपारनंतर येतायत, तिथे तमाशा नको."

"कुठाय तो?" तिने सिदूला विचारलं.

"सामानाच्या खोलीत कोंडलाय. लोकांनी लई मारला. एकच गोष्ट बडबडतोय येड्यागत."

"काय?"

"म्हणतोय, विमान उलटं आलं."

२

युसूफ शेख भिंतीला टेकून बसला होता. विमानतळाची जीप, पाण्याचा बंब आणि हाताने फिरवायचा सायरन, तिन्ही त्याच्याकडे. त्याच्या उजव्या हाताला ओढणी गुंडाळली होती आणि ओढणीतून रक्त खाली ठिबकत होतं. बायको अजमतबी शेजारी बसून त्याला पाणी पाजत होती.

"हाताला काय झालं?"

अजमतबी बोलली. "जीपच्या दारात हात घातला मॅडम त्येंचा, आन दार लावलं. येकदा न्हाई. मिस्तरी मानूस हाय ओ. ह्या हाताबगर काय करावं त्येनं?"

"कुणी?"

"तू गप गं," युसूफ म्हणाला. मग सत्यशीलेकडे वळून, "मॅडम, सायरन मी येळेवर दिला. सगळी पट्टी मोकळी झाली. मी तिकडं पूर्वेच्या शेडवर, सगळ्याच्या डोळ्यासमोर सायरन फिरवीत होतो."

"चंद्रभागाबाई बहिरी आहे, हे माहीत होतं ना?"

"माहीत कावून नसंल? दरयेळी मीच जातो. जीप घिऊन जातो अन खांद्याला हात लावतो. आज प्रविण म्हणला, 'युसूफचाचा, आईचं मी बघतो, तुमी सायरनकडं जावा.' पोटचा पोरगा म्हणतोय तर मी कशाला जाऊ?"

"प्रविणने सिदूला सांगितलंय, असं काही बोलणंच झालं नाही."

युसूफ हसला. हसताना त्याचा फुटलेला ओठ पुन्हा फुटला. "मग न्हाई झालं. त्यो पाटलाच्या मागं हिंडणारा, मी बंबवाला. कुणाचं खरं?"

"आणि विमान उलटं आलं म्हणजे?"

या प्रश्नावर मात्र तो सरळ होऊन बसला. जखमी हात मांडीवर ठेवून, डाव्या हाताने त्याने समजावलं. विमान उतरताना वाऱ्याच्या समोरून येतं. समोरचा वारा त्याला अडवतो, म्हणून ते थांबतं. वारा पूर्वेचा असला की विमान पश्चिमेकडून येणार. इमारतीच्या छपरावर खांबाला कापडी झोळी आहे. वारा तिच्यात भरतो आणि तिची शेपूट वारा जातो तिकडे फडफडते. वैमानिक वरून ती झोळी बघतो आणि कुठून यायचं ते ठरवतो. बोलायला रेडिओ कधीच बंद पडलाय. झोळी सांगेल ते खरं.

"कंपनी व्हती तवापासून गावात लेकराला शिकवत्यात मॅडम. 'पाठीला वारा, तोंडाला विमान.' उफणताना वाऱ्याकडं पाठ कर, मंग विमान तोंडासमोरूनच येतंय. बहिऱ्याला बी दिसतंय. आजवर येक कोंबडी मेली न्हाई पट्टीवर." त्याने ओठ पुसला. "आज वारा पूर्वेचा. म्हातारीची पाठ पूर्वेला. विमान बी पूर्वेकडनंच. कसं?"

सत्यशीला दारात जाऊन वर पाहून आली. छपरावर झोळी होती. शेपूट पश्चिमेला, जशी असायला हवी तशीच.

३

कॅप्टन प्रियदर्शनी विमानाच्या सावलीत डांबरावर बसली होती. वयाने लहान. तिने पाण्याची बाटली उघडून तशीच हातात धरली होती.

"मी वरून एक घिरटी घातली," ती म्हणाली. "झोळीची शेपूट पूर्वेला होती. म्हणजे वारा पश्चिमेचा. म्हणून मी पूर्वेकडून आले."

"नक्की?"

"माझी नोकरी जाईल की राहील, ते यावर आहे, मॅडम. नक्की." तिने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "पण चाकं टेकली आणि विमान थांबेना. कुणीतरी मागून ढकलत असल्यासारखं पुढेच पळत होतं. ब्रेक दाबले तर भुसकटावरून घसरलं."

"बाई दिसली नाही?"

"दिसली. वाटलं, आवाज ऐकून सरकेल. सगळी माणसं सरकतात."

तिने बाटली बाजूला ठेवली. "लोक आधी तिच्याकडे धावले. मग त्या माणसाकडे. मी आतच बसले होते, पाय हलत नव्हते. नंतर उतरले तेव्हा सवयीने वर पाहिलं, तर झोळीची शेपूट पश्चिमेला. वाटलं, वारा फिरला."

वारा फिरला असता तर भुसकटाने सांगितलं असतं. थोडं इकडे पडलं असतं, थोडं तिकडे. ते तर सगळं एकाच अंगाला होतं. वारा फिरला नव्हता. म्हणजे झोळी खोटं बोलली होती, आणि झोळी आपणहून खोटं बोलत नाही.

पश्चिम टोकाच्या मांडवात झेंडूच्या माळा लोंबत होत्या. गावचे पुढारी विजयसिंह पाटील खुर्चीत बसून फोनवर कुणाला तरी सांगत होते, "छोटा अपघात आहे, कार्यक्रमावर परिणाम नाही." फोन ठेवून त्यांनी हात जोडले. "या मॅडम. फार वाईट झालं. चंद्रभागा म्हणजे आमच्या घरातलीच."

"तुम्हाला तिची जमीन हवी होती म्हणे."

"मला नाही, विमानतळाला. पट्टी पश्चिमेला वाढवायची तर तिचं शेत मध्ये येतं. ती देत नव्हती. ग्रामसभेत उठून म्हणाली, विमानाला जागा पाहिजे तर आभाळ हाय की एवढं!" ते हसले, मग हसायची वेळ नाही हे आठवून थांबले. "तिचं भाषण आज त्या पाहणीवाल्यांपुढेही होणार होतं."

"मांडव इथे, या टोकाला का घातला?"

"विमान पूर्वेकडून येणार आणि इथे येऊन थांबणार. दार उघडलं की हार."

"पूर्वेकडून येणार, हे आधीच कसं ठाऊक?"

पाटलांनी लहान मुलाकडे बघावं तसं तिच्याकडे पाहिलं. "वारा पूर्वेचा आहे. वारा जिकडून, विमान तिकडून. शिडाची होडी जाते तशी. मुंबई-दिल्ली करून आमचे केस पांढरे झाले, एवढं कळतं."

मागे उभा असलेला प्रविण जमिनीकडे बघत होता. सत्यशीलेने त्याला बाजूला घेतलं. त्याच्या शर्टाच्या बाहीवर रक्त होतं. आईचं की युसूफचं, कुणी सांगावं?

"पाटील चुकले ना? वारा पूर्वेचा तर विमान पश्चिमेकडून."

"म्या म्हणलतो त्येन्ला काल, मांडव उलट्या टोकाला झालाय. तर म्हणले, 'तू बसलाय का बे कधी विमानात?'" प्रविणने नाक पुसलं. "मंग म्या बद्रीकाकाला इचारलं. काका म्हणले, 'राहू दे, मोठ्या माणसाला दुखवू नये.'"

"आणि आईला उठवायचं तू कबूल केलं होतंस."

"न्हाई."

"प्रविण."

"न्हाई म्हणलं ना! त्यो लांड्या काय बी सांगंल."

मांडवाबाहेर धूळ उडाली. बीडहून निघालेली गाडी घाट चढून पठारावर आली होती.

४

"त्यांना चहा पाज," तिने सिदूला सांगितलं. "दोनदा पाज." आणि ती इमारतीत शिरली.

आत आल्यावर बाहेरचं ऊन, रक्त, माणसं, सगळं दूर राहिलं. लाकडी खुर्च्यांच्या रांगा पॉलिशने चमकत होत्या. सामान तोलायच्या काट्यावर धुळीचा कण नव्हता. भिंतीवरच्या फळ्यावर नांदेड, लातूर, सोलापूर, नाशिक अशी नावं पांढऱ्या रंगात होती आणि समोर वेळेच्या रिकाम्या चौकटी. काउंटरवर सामानाला बांधायचे पुठ्ठ्याचे पत्ते लटकत होते, प्रत्येकाला बारीक पांढरी नायलॉनची दोरी ओवलेली. कंपनी गेल्यापासून कुणी सामान दिलं नव्हतं, पत्ते मात्र तयार होते.

बद्रीनाथराव उठून उभे राहिले. कंपनीचा जुना निळा कोट त्यांच्या अंगावर आता सैल झाला होता. "या. बसा. तीन नंबरची खुर्ची घ्या, तिथे पंखा लागतो."

"एकटेच सांभाळता?"

"चंद्रभागा होती ना. कंपनीच्या वेळेपासून झाडायला तीच. कंपनी गेली, पगार गेला, तरी येत राहिली. पहाटे झाडून घ्यायची, मी काचा पुसायचो. आम्ही बोलायचो कमी. तिला ऐकू येत नव्हतं आणि मला बोलायची हौस नव्हती." त्यांनी चहाचा कप बशीत नीट मध्यभागी ठेवून दिला. "चादर माझीच घातली. आणायला आत यावं लागलं, म्हणून जरा उशिरा पोचलो तिच्यापाशी."

खोलीच्या मध्यभागी टेबलावर नव्या विमानतळाचा नमुना काचेखाली ठेवला होता. काचेचा मोठा महाल, हिरवी झाडं, खेळण्यातली विमानं. सत्यशीला वाकून बघू लागली. पट्टी सापडली, घाटाचा रस्ता सापडला. आत्ता ती जिथे उभी होती, तिथे नमुन्यात छोट्या छोट्या मोटारी लावल्या होत्या.

"ही इमारत कुठाय यात?"

"वाहनतळ होणार आहे." बद्रीनाथरावांनी काचेवरचा तिच्या बोटाचा ठसा रुमालाने पुसला. "जुनं झालंय. नव्या विमानांना, नव्या माणसांना पुरायचं नाही. चांगलंच आहे."

"मांडव उलट्या टोकाला घातला, हे पाटलांना सांगितलं नाहीत?"

"त्यांना कोण सांगणार? आणि आज तर त्यांचंच बरोबर ठरलं. विमान पूर्वेकडूनच आलं."

"म्हणजे वारा पश्चिमेचा होता."

"पश्चिमेचा. विमान येण्याआधी मी झोळी पाहिली होती. तीस वर्षं रोज पाहतो."

सत्यशीलेने कपातला उरलेला चहा शांतपणे संपवला.

५

छपरावर ती एकटीच गेली. शिडीची किल्ली दाराशेजारी खिळ्याला लटकत होती, कुणालाही घेता येईल अशी. झोळीचं कापड ऊन-पावसाने विटलं होतं. तिने शेपूट हातात ओढून घेतली, उलटीसुलटी केली. खाली आली आणि सगळ्यांना त्या लाकडी खुर्च्यांवर बसवलं. पाटील, प्रविण, कॅप्टन, बद्रीनाथराव. युसूफला सिदूने धरून आणलं. बीडच्या गाडीतले दोन शिपाई दारात उभे राहिले.

"साहेबांचा फोन होता, लवकर..." त्यातला एक म्हणाला.

"वर्ग चालू आहे," सत्यशीला म्हणाली. "नंतर बोला."

मग ती सावकाश, एकेक पायरी चढावी तशी बोलू लागली.

"चंद्रभागाबाईच्या भुसकटावरून कळतं की सकाळभर वारा पूर्वेचा होता. कॅप्टनचं विमान थांबेना, मागून कुणी ढकलतंय असं वाटलं. तो वाराच ढकलत होता. म्हणजे वाऱ्याने कुणाला फसवलं नाही. झोळीने फसवलं. तिची शेपूट कुणीतरी ओढून पूर्वेला बांधली होती. विमान मागून यावं, आणि ज्या बाईला ऐकू येत नाही तिला ते दिसूही नये म्हणून."

पाटील खुर्चीत पुढे सरकले. "माझ्याकडे बघून बोलू नका, मॅडम. मला तिच्या जमिनीची गरज होती, हे खरं, पण..."

"पण तुम्ही नाही. तुम्हाला पक्कं वाटत होतं की पूर्वेचा वारा म्हणजे विमान पूर्वेकडूनच. मांडवसुद्धा त्या भरवशावर घातलात. विमान तिकडूनच येणार असं ज्याला वाटतं, तो झोळीला हात कशाला लावील? तुमच्या अज्ञानाने तुम्हाला वाचवलं."

पाटील खुर्चीत मागे टेकले.

"झोळी बांधली, तशी ती सोडलीही. कॅप्टन विमानातून उतरल्या तोवर शेपूट पुन्हा पश्चिमेला होती. म्हणजे पंख बाईला लागल्यापासून त्या उतरेपर्यंत कुणीतरी छपरावर होतं. त्या वेळी प्रविण आईच्या अंगावर पडून रडत होता. पाटील तिथेच होते. नंतर प्रविण काय करत होता, तेही सगळ्यांनी पाहिलं." प्रविणने बाही मुठीत धरली. "युसूफ पूर्वेच्या शेडवर होता आणि मग मार खात होता. सगळा गाव पट्टीवर होता. एकच माणूस इमारतीत होता. सगळ्यात शेवटी आला. येताना चादर घेऊन आला, म्हणून उशीर का झाला हे कुणी विचारलंच नाही."

बद्रीनाथरावांनी कोटाचं वरचं बटण लावलं.

"तुम्ही मला सांगितलंत, वारा पश्चिमेचा होता. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी चूक समजले असते. तुम्ही तीस वर्षं झोळी बघता. तुम्ही चुकत नाही; तुम्ही खोटं बोललात." तिने मूठ उघडली. तळहातावर बारीक पांढऱ्या नायलॉनची गाठ होती, कापलेल्या टोकाची. "झोळीच्या शेपटीत अडकून राहिली होती. घाईत दोरी कापलीत, गाठ राहिली. काउंटरवर अशाच दोऱ्या आहेत."

मग बद्रीनाथराव बोलले, प्रवाशाला गाडीची वेळ सांगावी तशा आवाजात.

"पट्टीवर माणूस मेला की पाहणीवाले नापास करतात. मग नवीन काही होत नाही. ही इमारत राहते. एवढंच हवं होतं."

"काका!" प्रविण उठला. "माझ्या आयनं काय केलं होतं तुमचं?"

"काही नाही. चांगली बाई." ते विचार करून म्हणाले, "दुसरं कुणी असतं तर ते आवाज ऐकून पळालं असतं. आणि आज जीप तिच्याकडे गेली नाही, हे छपरावरून दिसत होतं."

कॅप्टन प्रियदर्शनीने तोंडावर हात ठेवला. "आणि मी? विमान उलटलं असतं तर?"

"तरी चाललं असतं," बद्रीनाथराव म्हणाले.

प्रविण त्यांच्या अंगावर धावला. सिदूने त्याला मध्येच कवेत धरलं, आणि त्या धरलेल्या अवस्थेतच त्याच्या तोंडून आलं, "म्या जाणार होतो वो तिला उठवायला! म्या युसूफचाचाला म्हणलतो! पर हार यायचे व्हते, अन मला वाटलं, वारा पूर्वेचा हाय, विमान तोंडासमोरनं यील, बघंल ती... बघंल की ती..."

युसूफ भिंतीकडे बघत राहिला.

६

बीडची गाडी रिकामी परत गेली नाही. युसूफच्या जागी बद्रीनाथराव तिच्यात बसणार होते. निघण्याआधी त्यांनी पंखा बंद केला, खुर्च्या सरळ केल्या. पाटील तोवर ओट्यावर पुन्हा फोनवर होते. आवाजात सकाळपेक्षा जास्त जोर होता.

"नाही नाही, पट्टी उत्तम आहे! दोष पट्टीचा नाही, एका वेडसर म्हाताऱ्याचा. पोलिसांनीच सिद्ध केलंय. उलट आता सोपं झालं. शेत पोराच्या नावावर येईल, पोरगा आपलाच आहे. हो, हो, पाहणी आजच करा. नव्या इमारतीला चंद्रभागेचं नाव देऊ की."

बद्रीनाथराव पायरीवर थांबले होते. त्यांनी सत्यशीलेला विचारलं, "म्हणजे पाडणार?"

"याच उन्हाळ्यात, असं म्हणतायत."

तिला त्यांचा चेहरा बघायचा होता, आणि तिने तो बघितला. तोंड उघडं राहिलं, कोटाच्या आतलं म्हातारं शरीर एकदम लहान झालं. शिपायांना त्यांना उचलून गाडीत बसवावं लागलं. सत्यशीलेला वाईट वाटलं नाही. ते वाटलं नाही, याचंच जरा नवल वाटलं.

मग ती युसूफकडे गेली. तो आता सामानाच्या खोलीबाहेर, उन्हात बसला होता. गावातले लोक जरा अंतरावर उभे होते. सकाळी ज्यांनी हात उगारले, तेच. एकाने तांब्या आणून ठेवला होता. एकाने खाली अंथरायला पोतं दिलं होतं.

"तुम्ही सुटलात, युसूफभाई. तुमच्यावर काही नाही आता."

"मेहरबानी, मॅडम."

"दवाखान्यात चला आधी. आणि हाताचं सांगा. जीपच्या दारात हात कुणी घातला, दार कुणी लावलं. नावं सांगा, मी आत्ता उचलते."

युसूफने मान वर केली. तिच्या खांद्यावरून त्याची नजर त्या माणसांवरून फिरली, एकेकावर थोडी थोडी थांबली. माणसं हलली नाहीत. सगळ्यांत पुढे प्रविण होता, डोळे सुजलेला.

"गर्दी लई व्हती," युसूफ म्हणाला. "काय दिसलं न्हाई."

"दिसलं नाही?"

"न्हाई."

सत्यशीला अजमतबीकडे वळली. "तुम्ही तर तिथेच होता."

अजमतबीने पदर तोंडाशी धरला होता. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि नवरा तिच्याकडे बघत नव्हता. "मला बी न्हाई दिसलं," ती म्हणाली. "समिनाचं कालेज हितंच हाय, मॅडम. रोज ह्याच रस्त्यानं जाती पोरगी."

सकाळपासून जो जो प्रश्न सत्यशीलेने विचारला, त्याचं उत्तर तिने मिळवलं होतं. भुसकटाकडून मिळवलं, कापडाकडून मिळवलं, खुनी माणसाकडूनसुद्धा मिळवलं. आता उत्तर समोर उभं होतं, रक्ताने भरलेल्या बाहीसकट, आणि ते तिला कुणी द्यायला तयार नव्हतं.

प्रविण पुढे आला. "चाचा," तो म्हणाला, "चला. माझ्या गाडीवर सोडतो दवाखान्यात."

युसूफ डाव्या हाताने भिंत धरून उठला. "चल बाबा," म्हणाला, आणि प्रविणच्या मागे गाडीवर बसला. धरायला उजवा हात उरला नव्हता, म्हणून प्रविणने त्याचा डावा हात मागून ओढून घेतला आणि स्वतःच्या कमरेभोवती घट्ट आवळला.